राजमुकुट, मतपेटी आणि संप

बेल्जियम १८३० साली नेदरलँड्सच्या राजसत्तेविरुद्ध बंड करून स्वतंत्र झाला. तेथे आधी घटना सिद्ध झाली आणि मगच, २१ जुलै १८३१ रोजी, पहिल्या लिओपोल्डने तिच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन सिंहासन स्वीकारले. सर्व सत्ता राष्ट्रापासून उगम पावते, असे ही घटना सांगत होती. परंतु मताधिकार मात्र ठराविक कर भरणाऱ्या मूठभर पुरुषांनाच होता. खाणीत राबणारा मजूर त्या ‘राष्ट्रा’त जमेसच धरलेला नव्हता.

तो धरला जावा यासाठी १८८५ साली मजूर पक्षाची स्थापना झाली. एप्रिल १८९३ मध्ये सार्वत्रिक संप झाला, संपकऱ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या, तेव्हा कुठे २५ वर्षांवरील सर्व पुरुषांना मत मिळाले. त्यातही मालमत्ता वा उच्च शिक्षण असलेल्यास जादा मते, एकूण तीनपर्यंत! एका पुरुषास एकच मत, हे तत्त्व १९१९ च्या निवडणुकीत अमलात आले. स्त्रियांना त्यासाठी १९४८ पर्यंत थांबावे लागले. आणि मायदेशी हा लढा चालू असताना, १८८५ ते १९०८ या काळात, दुसरा लिओपोल्ड काँगो ही खासगी जहागीर समजून रबरासाठी तेथील माणसांचे रक्त शोषीत होता, हेही विसरता कामा नये.

१९५० साली तिसऱ्या लिओपोल्डच्या पुनरागमनास सार्वमतात सुमारे ५८ टक्के मते पडली. फ्लँडर्स अनुकूल, वालोनी प्रतिकूल. राजा परतताच वालोनीत संपाचा वणवा पेटला, गोळीबारात चौघे बळी पडले. राजाने अधिकार पुत्राच्या हाती सोपविले आणि १९५१ साली राजत्याग केला. केवळ बहुमताने देश एकत्र राहत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

पुढे १९७० पासून घटनादुरुस्त्या होत गेल्या आणि १९९३ साली बेल्जियम संघराज्य बनले. मंत्रिमंडळात पंतप्रधान वगळता फ्रेंच व डच भाषकांची संख्या समसमान असावी लागते. तरीही २०१०-११ मध्ये पूर्ण अधिकाराचे सरकार बनण्यास ५४१ दिवस लागले. खेदाची गोष्ट अशी की, मतासाठी एकदिलाने लढलेल्यांचा समाजवादी पक्षही १९७८ साली भाषेच्या रेषेवर दुभंगला.

घटनेतील शब्दांना अर्थ संघटित श्रमिकांनी दिला. ती संघटनाच दुभंगली, तर उत्तमातील उत्तम घटनाही केवळ तडजोडीचा हिशेब ठरते. कार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावयाचे ते एवढेच.