अर्धे तिकीट, इंदापूर ते बारामती
(सहाय्यकांच्या सभेत वसतिगृहाच्या बाईंनी केलेले भाषण)



मागच्या रविवारी उपासनेनंतर दोघातिघांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. "बाई, वसतिगृहातली नऊ वर्षांची मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर इंदापूरहून एकटी एसटीने आली म्हणे. असं कसं पाठवलंत?" प्रश्न काळजीपोटी होता, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देते. मुलीचे नाव सांगणार नाही. आपल्या मुलांची नावे आपण छापतही नाही.

मुलगी फासेपारधी समाजाची. आई आणि आजी इंदापूर तालुक्यात एका पालावर राहतात. आई खुरपणीला जाते. बारामती तिथून पन्नासेक किलोमीटर. मुलीला आणून सोडायचे म्हणजे आईचा दिवस मोडतो आणि रोज बुडतो. तिकिटाचे म्हणाल, तर 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मे भाडे आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धेच, म्हणजे मायलेकींचे तिकीट सारखेच! रोज बुडतो ही अडचण आहेच, पण खरी अडचण स्टँडची आहे.

आईला वाचता येत नाही. गाडीची पाटी कळत नाही म्हणून कुणाला तरी विचारावे लागते. तोंड उघडले की बोली कळते. पारध्यांची घरची बोली गुजरातीच्या जवळची आहे. मग आजूबाजूचे लोक आपापल्या पिशव्या जवळ ओढतात. एकदा एका स्टँडवर कुणाचे तरी पाकीट हरवले, तेव्हा हिला दुपारपर्यंत बसवून ठेवले होते. पाकीट नंतर त्या गृहस्थाच्याच पिशवीत निघाले. तेव्हापासून ही बाई कुठल्याच स्टँडच्या आत पाऊल टाकत नाही.

हे आजचे नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्यात नोंद झालेल्या माणसाला हजेरी द्यावी लागे आणि ठरलेल्या हद्दीबाहेर जायचे तर पास घ्यावा लागे. पास नसताना सापडला, तर चोरी केली की नाही हा प्रश्नच नव्हता, गाव सोडले हाच गुन्हा. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती आणि तिची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती, हेही आपण मिशनच्या लोकांनी लक्षात ठेवावे. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला. लोकांच्या नजरेतून तो गेलेला नाही.

म्हणून आईशी बोलून आम्ही ठरवले. मुलगी तिसरीत आहे, पाटी वाचते. तीन वेळा मी तिला बरोबर घेऊन हा प्रवास केला आणि गावे पाठ करून घेतली : निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, बेलवाडी, सणसर, भवानीनगर, मग बारामती. तुकोबांची पालखी याच वाटेने उलट दिशेने जाते, त्यामुळे नावे तिच्या आजीलाही तोंडपाठ आहेत. नियम तीनच होते. कंडक्टरजवळच्या सीटवर बसायचे, बारामती येईपर्यंत उतरायचे नाही, आणि कुणी कितीही चांगले बोलले तरी दुसऱ्या गाडीत चढायचे नाही. माझा फोन नंबर फ्रॉकच्या खिशात.

त्या दिवशी आई फाटकाबाहेर थांबली. मुलगी आत गेली, पाटी वाचली, चढली. खिडकीतून तिने हात केला, तेव्हा आईने रस्त्यावरच्या एका दुकानदाराकडून मला फोन लावला. "गेली," एवढेच म्हणाली.

दीड तासात यायला हवी होती. कारखाने सुरू झालेले, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. सणसरच्या अलीकडे एक ट्रॉली आडवी झाली आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. तासभर हलेनात. लोक उतरून चालू लागले, काही जण आडवाटेने जीपने गेले. मी बारामतीच्या फलाटावर. येणाऱ्या प्रत्येक लाल गाडीच्या दाराशी जाऊन बघत होते. प्रार्थना केली, पण खरे सांगते, शब्द धड जुळत नव्हते.

मग अनोळखी नंबरवरून फोन आला. कंडक्टर होते. "बाई, तुमचं पार्सल माझ्याजवळ आहे. एक ताई जीपने सोडते म्हणत होत्या, पण ही सीट सोडायला तयार नाही. वर मलाच म्हणते, बाईंना फोन लावा." मागून तिचा आवाज आला, "बाई, अजून सणसर यायचंय."

साडेतीन तासांनी ती उतरली. हातात अर्धे तिकीट घट्ट धरलेले, घामाने अक्षरे पुसट झालेली. पहिली गोष्ट काय सांगितली असेल? गाडीतल्या एका आजीने विचारले, "कुणाची गं तू?" हिने सांगितले, पारध्याची. त्या आजीने क्षणभर पाहिले आणि पिशवीतून पेरू काढून दिला. दुसऱ्या एका बाईने मात्र जागा बदलली. दोन्ही गोष्टी तिने एकाच सुरात सांगितल्या. पेरू अर्धा खाल्लेला होता, अर्धा माझ्यासाठी ठेवला होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. नऊ वर्षांच्या मुलीने एकटीने यावे असे मलाही वाटत नाही. कंडक्टर भला भेटला. नेहमीच भेटेल असे नाही. पण आईने मुलीबरोबर यावे असे वाटत असेल, तर आधी आईला स्टँडच्या आत बिनधास्त येता आले पाहिजे. मी तिला विचारले. म्हणाली, "शेजारी कुणी उभं राहणार असेल, तर येते मी आत."

नाताळच्या सुट्टीनंतर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपली सहा मुले परत येतील. इंदापूरच्या स्टँडवर सकाळी दोन जण आणि बारामतीला दोन जण हवे आहेत. फार काही करायचे नाही. आईबरोबर फलाटावर उभे राहायचे, गाडी आली की पाटी वाचून दाखवायची. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. नावापुढे फोन नंबरही लिहा.