गाय गाभडली तर

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी धानोरा येथे झालेले भाषण)



समारंभात गोठ्याचा विषय कशाला, असे कुणाच्या मनात येईल. पण शेण काढणे, धार काढणे आणि व्यालेल्या गाईचे करणे, ही कामे बहुधा आपल्याच हातची. म्हणून ही गोष्ट आधी आपल्याला ठाऊक हवी.

सात-आठ महिन्यांची गाभण गाय एकाएकी गाभडते. मग कुणी दृष्ट म्हणते, कुणी नव्या सुनेचा पायगुण काढते. माझ्या माहेरी हा दोष एका काकूंच्या माथी आला होता. त्यांना मूलबाळ नव्हते, म्हणून पुढे गाभण गाईजवळही त्यांना फिरकू देत नसत. ते आठवले की आजही मला वाईट वाटते.

मार लागून, घसरून किंवा इतर रोगांनीही गाय गाभडते. परंतु शेवटच्या महिन्यांत, एकीमागून एक गाई गाभडू लागल्या, तर सांसर्गिक गर्भपाताची शंका घ्यावी. त्याला ब्रुसेलोसिस म्हणतात. त्याचा जंतू 1897 साली डेन्मार्कचे पशुवैद्य बँग यांनी शोधला. हा जंतू पडलेल्या गर्भात, वारेत आणि अंगावरून जाणाऱ्या स्रावात भरलेला असतो. दुसरी गाय ते चाटते किंवा तिथले गवत खाते, आणि रोग पुढे जातो. आपली गावची गुरे एकत्र रानात चरतात. तेव्हा एका घरची गाय हा साऱ्या गावाचा प्रश्न होतो.

हाच जंतू माणसालाही लागतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. सांधे दुखतात, रात्री घाम फुटतो. कच्चे दूध व माणसाचा हा ताप यांचा संबंध 1918 साली एका बाईने दाखवून दिला. अमेरिकेतील ॲलिस इव्हान्स हे त्यांचे नाव. पुष्कळ विद्वानांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. 1922 साली त्यांना स्वतःलाच हा रोग जडला आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी तो भोगला. अखेर त्यांचेच खरे ठरले.

आता उपाय सांगते. गाय गाभडली की तिला वेगळी बांधावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. 1962 या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे घालावे, तोंडाला कापड बांधावे. खोल खड्ड्यात चुना टाकून सारे पुरावे, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. गरोदर बाईने या कामाला मुळीच हात लावू नये, कारण या रोगाने तिचाही गर्भ जाऊ शकतो. वार अडकली तर ओढू नये, तिला दगड बांधू नये. ते डॉक्टरांचे काम. दूध उकळल्यावाचून कुणाला देऊ नये. घरात असा ताप रेंगाळला, तर आपली गाय गाभडली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. माणसाला औषधाने गुण येतो, पण ते काही आठवडे नेमाने घ्यावे लागते.

गाईला मात्र या रोगावर खात्रीचे औषध नाही. पुढच्या खेपेला ती नीट विते, आणि आपण म्हणतो, बरी झाली. पण जंतू तिच्या अंगात राहतो. विताना व दुधावाटे तो बाहेर पडतो. म्हणूनच कुणाला न सांगता ती बाजारात विकली, तर आपण आपले दुःख दुसऱ्या बहिणीच्या गोठ्यात बांधतो. गाईची किंमत गरिबाला किती जड, हे मी जाणते. तरीही तिला विकू नका. तपासणी करून घ्या, आणि तिचे विणे वेगळ्या जागी करा.

खरा बचाव लसीचा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला व वगारीला ती एकदाच टोचतात. नराला किंवा गाभण जनावराला नाही. 2019 पासून केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण कार्यक्रमात ही लस मोफत मिळते.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. प्रत्येकीने आपल्या आळीतील कालवडी मोजाव्यात, आणि लस टोचणारे येतील त्या दिवशी एकही सुटू देऊ नये. आणि गाय गाभडली म्हणून यापुढे कुठल्याही सुनेला वा काकूला बोल लावू नये.