पाठीवरचा आवाज

१९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या कुंपणबंद शेतांत अमेरिकन पायदळ आणि रणगाडे यांना परस्परांच्या आधारानेच पुढे सरकावे लागत होते. शिपायाच्या पाठीवर एस. सी. आर. ३०० हा बिनतारी संच होता, रणगाड्यात एस. सी. आर. ५०८. दोन्ही एकाच सेनेचे, दोन्ही एफ. एम. पद्धतीचे; परंतु पहिला ४० ते ४८ मेगासायकल पट्ट्यात बोले, दुसरा २० ते २७.९ मध्ये. दहा पावलांवरील रणगाड्याला शत्रूची तोफ कोठे दडली आहे, एवढेही सांगता येईना. अखेर रणगाड्याच्या मागील बाजूस पेटीत तारेचा टेलिफोन बसवावा लागला. तो उचलणाऱ्याला अर्थातच गोळीबारात उभे राहावे लागे.

विद्युत्पुरवठाही निराळा. रणगाड्यातील संच गाडीच्या बॅटरीवर चाले. पाठीवरच्या संचाला ४.५, ९० आणि १५० व्होल्ट एकत्र देणारी बी. ए. ७० ही कोरडी बॅटरी लागे. ती आता बनत नाही. संग्राहक विजेरीचे तीन सेल जोडून साडेचार व्होल्ट मिळवितात, आणि नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्यांची माळ करून नव्वद. मात्र जोडणीत एका तारेची चूक झाली, नव्वद व्होल्ट तंतूंना लागले, की नळ्या क्षणात जळतात. आणि तशा नळ्या आता सहजी मिळत नाहीत.