कॉलेजातल्या मुलीचा एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



चिटणीस वहिनींनी मला विषय दिला तो हा. त्या म्हणाल्या, "तुमची थोरली यंदा साताऱ्याला जाते, तेव्हा तुम्हीच बोला." मी म्हटले, "अहो, कॉलेजात ती जाते, मी नव्हे. माझी तर सातवी." त्यावर त्या म्हणाल्या, "पण डबा कोण करते?" तेव्हा डबा करणारीच्या अधिकाराने मी चार शब्द बोलणार आहे. भाषणाची मला सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे. वाचताना अडखळले तर हसू नका, आणि हसायचेच असेल तर जरा मोठ्याने हसा, म्हणजे मला दम घेता येईल.

आपल्या गावात अशी एक समजूत आहे की कॉलेज म्हणजे मौज. मुलगी छत्री घेऊन एस. टी.त बसली की गावाला वाटते, सुटली ही! दिवसभर सावलीत बसायचे, फळ्याकडे बघायचे, संध्याकाळी परत यायचे. ही समजूत पुरुषांची असती तर मी बोललेही नसते. पण ती आपल्याही मनात आहे. म्हणून जुलैच्या पहिल्या सोमवारचा, म्हणजे कॉलेज सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या दिवसाचा हिशेब मी रात्री थोरलीला विचारून वहीत उतरवून ठेवला. दुधाचा हिशेब ठेवतो तसाच.

पहाटे पावणेपाचला ती उठली. नळाला पाणी आले होते, ते भरले. म्हशीपुढे वैरण टाकली. मी भाकऱ्या थापत होते तोवर तिने झाडलोट केली, आजीला चहा दिला. आमच्या आत्याबाईंना चहा नातीच्याच हातचा लागतो, हे आपणांस ठाऊक आहेच. सहा दहाला घर सोडले. साडेसहाची गाडी पावणेसातच्या पुढे आली, आणि उभ्यानेच प्रवास झाला. आपल्याकडे पाऊस जेमतेम, पण साताऱ्याकडे जावे तसतसा तो वाढत जातो. तेव्हा घरून कोरडी निघालेली मुलगी स्टँडवर उतरून कॉलेजात पोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.

आता गाडीच्या पासाविषयी सांगते, कारण ज्यांच्या मुली यंदा बारावीला आहेत त्यांच्या उपयोगाचे आहे. बारावीपर्यंत मुलींना एस. टी.चा पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून फुकट मिळतो. बारावी झाली की तो संपतो. पुढे विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास असतो, त्यात भाड्याचा साधारण तिसरा हिस्सा आपण भरायचा. १७ मार्च २०२३ पासून आपल्या सगळ्या बायकांना एस. टी.ला निम्मे तिकीट आहे, म्हणून काही जणी म्हणतात, पास कशाला, अर्धे तिकीट काढावे. तसे करू नका. रोज जाणाऱ्या मुलीला पासच परवडतो. मात्र पास काढायला कॉलेजचे बोनाफाईड लागते, आणि ते मिळेपर्यंत पदरचे पैसे मोडावे लागतात. आमचे पहिले आठ दिवस तसेच गेले.

आठ वीसला पहिले लेक्चर. रसायनशास्त्राचे. वर्गात इतकी मुले की मागच्या बाकावर चौघी बसल्या. दुसरे लेक्चर गणिताचे, तेही झाले. त्यानंतर साडेदहाला खिडकी उघडली, आणि खरा दिवस तिथून सुरू झाला.

या खिडकीची गोष्ट लहान मुलांना सांगायच्या साखळीच्या गोष्टीसारखी आहे. ग्रंथालयाचे कार्ड मागावे तर म्हणे आधी ओळखपत्र. ओळखपत्र मागावे तर फीची पावती. फीत सवलत हवी तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरल्याची प्रत. अर्जाला उत्पन्नाचा दाखला. दाखला तहसिलीतून. बँकेचे खाते आधारला जोडलेले पाहिजे, नाहीतर पैसे येत नाहीत. शिवाय आता प्रत्येक विद्यार्थ्याचे श्रेयांकांचे एक खाते असते, त्याचा नंबर पाहिजे. थोरलीकडे सगळे होते. नव्हता तो एक फोटो, कारण आणलेल्या फोटोची पाठभूमी निळी होती आणि त्यांना पांढरी हवी होती. पावणेदोन तास रांगेत उभी राहिलेली मुलगी फोटोसाठी परत फिरली. खिडकीतल्या गृहस्थांनी आवाज मात्र चढविला नाही, हेही सांगायला हवे. त्यांच्यापुढे शे-दीडशे मुले होती.

त्या दिवशी झेरॉक्स आणि फोटो मिळून एकशे चौतीस रुपये झाले. डब्यातली भाकरी तिने रांगेतच उभ्याने खाल्ली.

साडेबाराला प्रॅक्टिकल. तिथे पांढरा एप्रन घातल्याशिवाय आत घेत नाहीत. हा एप्रन वरच्या आळीतल्या काकींच्या मुलीचा, जिची बी. एस्सी. पुरी झाली. त्यांनी तो धुऊन, इस्त्री करून, आपण होऊन आणून दिला. खिशावर शाईचा डाग आहे, पण थोरली म्हणते, डाग असला की जुनी विद्यार्थिनी वाटते. तीन वाजेपर्यंत प्रॅक्टिकल चालले. मग फोटो काढायला गेली, आणि सव्वाचारची गाडी चुकली. पुढची पावणेसहाची. घरी पोचायला सात वाजून गेले.

मुलगी सातनंतर घरी आली की गावाची नजर घड्याळाकडे जाते. त्या संध्याकाळी आमचे धाकटे भाऊजी ओट्यावरच बसले होते. माणूस प्रेमळ, पुतणीला पहिली छत्री त्यांनीच आणून दिली. ते मला म्हणाले, "वहिनी, एका वर्षात सर्टिफिकेट मिळतंय म्हणं आता. तेवढं करू द्या. मग बघू."

हे 'मग बघू' आपण सगळ्या जणी ओळखतो. म्हणून त्या सर्टिफिकिटाविषयी मी थोरलीकडून नीट समजावून घेतले, ते तुम्हांला सांगते.

नव्या शिक्षण धोरणाप्रमाणे आता पदवीचे मोजमाप श्रेयांकांवर असते. पंधरा तास वर्गात बसले की एक श्रेयांक. प्रॅक्टिकल असेल तर तीस तासांना एक. एका सत्रात बावीस, वर्षाला चव्वेचाळीस, तीन वर्षांत एकशे बत्तीस, तेव्हा पदवी. चौथे वर्ष केले तर ऑनर्स. मध्येच थांबायची सोयही ठेवली आहे. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा. पण भाऊजींना जे कोणी सांगितले त्याने अर्धेच सांगितले. एक वर्ष करून बाहेर पडणाऱ्याला त्या चव्वेचाळिसांवर आणखी चार श्रेयांकांचे काम वेगळे करावे लागते. परत यायचे तर तीन वर्षांच्या आत यावे लागते, आणि सगळे मिळून सात वर्षांत संपवावे लागते. ही सोय अडचणीत सापडलेल्या मुलाचे झालेले शिक्षण वाया जाऊ नये म्हणून केली आहे, आणि ती चांगलीच आहे. पण दार आत-बाहेर दोन्ही बाजूंनी उघडते असे कागदावर लिहिलेले असले, तरी लग्न होऊन गेलेली मुलगी दुसऱ्या वर्षाला परत आली असे आपल्या पंचक्रोशीत किती ठिकाणी झाले, ते तुम्हीच आठवून पाहा.

मी भाऊजींना एवढेच म्हटले, "घेवडा फुलावर आला की तुम्ही उपटून वैरण करता का?" ते हसले आणि उठून गेले. पटले असे नाही, पण विषय त्या दिवशी तिथेच राहिला. तो पुन्हा निघेल, हे मी धरून चालले आहे.

आता पुढचा हिशेब पाहा. बावीस श्रेयांक म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला किमान बावीस तास वर्गात, आणि प्रॅक्टिकल धरले तर त्याहून जास्त. हजेरी पाऊणपट तरी लागतेच. म्हणजे पंधरा आठवड्यांपैकी पावणेचार आठवड्यांहून जास्त घरी राहता येत नाही. आपल्याकडे टोकणी याच दिवसांत, मग खुरपणी, मग गौरी-गणपती, मग घेवड्याची काढणी. त्यात कुणाचे लग्न, कुणाचे बाळंतपण. प्रत्येक वेळी आपण म्हणतो, "दोनच दिवस राहा ग." दोन-दोन करता पावणेचार आठवडे कधी भरतात ते कळत नाही. आणि मुलगी नापास झाली की म्हणतो, डोके नाही तिला.

त्या सोमवारी रात्री थोरलीने भांडी घासली, धाकट्याचा गृहपाठ पाहिला, सव्वानऊला वही उघडली. दहाला मी पाहिले तर पेन हातात आणि डोके वहीवर. पहाटे पावणेपाचपासून रात्री दहापर्यंत सव्वासतरा तास झाले. त्यात वर्गात बसलेली वेळ पाच तासांच्या आत-बाहेर, आणि घरी अभ्यास पाऊण तास. मौज कुठे झाली ते मला त्या वहीत सापडले नाही. हो, एक सापडली. फोटो काढून परत येताना मैत्रिणीबरोबर एक कणीस घेऊन दोघींनी अर्धे-अर्धे खाल्ले, पंधरा रुपये. तेवढे ती सांगायला विसरली होती, दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगितले.

आपल्या जिल्ह्याला शिक्षणाचे वेड नवे नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा, १८३१ सालचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. 'कमवा आणि शिका' हे त्यांचे सूत्र. अण्णांच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. अण्णांची मुले काम करून शिकत, आणि त्या कामाची किंमत धरली जाई. आपल्या मुलीही काम करून शिकतात, पण त्यांच्या पहाटेच्या कामाची नोंद कुठेही होत नाही. माझ्या वहीत झाली, ती चिटणीस वहिनींच्या विषयामुळे!

लक्ष्मीबाईंएवढे आपल्याच्याने व्हायचे नाही, आणि तेवढे कोणी मागतही नाही. मंडळापुढे माझ्या तीन मागण्या आहेत. मी त्या कार्यकारिणीला लिहून दिल्या आहेत, पण सगळ्यांच्या कानांवर असाव्यात.

आपल्या मंडळाची खोली संध्याकाळी बंद असते. ती सात ते नऊ कॉलेजच्या आणि बारावीच्या मुलींना अभ्यासासाठी उघडी ठेवावी. गावात अशा नऊ मुली आहेत, मी मोजल्या. या दोन तासांत त्यांना घरून कोणी हाक मारायची नाही. भांडी सासूने घासावी, सुनेने घासावी, किंवा घरातल्या पुरुषांनी घासली तरी मंडळाची काही हरकत नाही.

दुसरे, पास निघेपर्यंतच्या पहिल्या आठ-दहा दिवसांच्या तिकिटासाठी मंडळाच्या शिलकीतून मुलीला उसने पैसे द्यावेत. ते बिनव्याजी असावेत, आणि पहिल्या महिन्यानंतर परत घ्यावेत. आणि तिसरे, काकींच्या एप्रनसारख्या वस्तू, जुनी पुस्तके, जर्नले, छत्र्या ज्यांच्या घरी पडून आहेत त्यांनी खोलीतल्या कपाटात आणून ठेवाव्यात. कपाटाच्या खालच्या कप्प्यात सध्या हळदीकुंकवाची वाणे आहेत. ती मी वरच्या कप्प्यात हलवीन.

कोषाध्यक्ष आक्कांनी मघाशी विचारले की विजेच्या बिलाचे काय. दोन दिवे आणि एक पंखा एवढाच खर्च वाढेल, तो पहिले तीन महिने मी आणि वरच्या आळीतल्या काकी मिळून देऊ. पुढचे सभेने ठरवावे. खोलीची एक किल्ली माझ्याकडे द्या. मी सातला उघडीन, आणि नऊला मुलींना त्यांच्या-त्यांच्या दारापर्यंत सोडून येईन. सोमवारपासून.