थकवा म्हणजे आळस नव्हे

गटाच्या बैठकीत आम्ही सगळ्याच म्हणायचो, "अंगात त्राणच नाही." घरचे म्हणायचे, आळस!

आपलं शरीर पेशींचं बनलंय. पेशीत केंद्रक कारभार बघतं, तंतुकणिका चूल पेटवतात. भाकरी पचून झालेली साखर हे सरपण, प्राणवायू हा वारा. वारा कमी पडला की चूल धुमसते, शक्ती मिळत नाही. प्राणवायू पोचवतं रक्तातलं हिमोग्लोबिन, आणि त्याला लोह लागतं.

आम्ही उपकेंद्रात रक्त तपासलं. कितीतरी जणींचं १२ च्या खाली निघालं. गरोदरपणी ११ च्या खाली गेलं तरी रक्तक्षयच. आता आम्ही लोहाची गोळी चहासोबत नाही, लिंबूपाण्यासोबत घेतो.

तुम्हीही तपासून घ्या. धुमसत राहू नका!