बिल्ला जागेवर राहिला म्हणून
(संस्थेच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मसुदा)



उत्तर फ्रान्समध्ये लेकीकडे दोन महिने राहून आलो, तेव्हापासून बी विंगमधली मुलं विचारतात, "काका, तिकडे मशीन फिरवून लढाईतल्या वस्तू सापडतात, खरं का?" खरं आहे. मेटल डिटेक्टरच्या दांड्याला खाली तारेचं वेटोळं असतं. जमिनीत धातू असला की मशीन वाजतं. पण खाली बटण आहे की जिवंत गोळा, हे ते खात्रीने सांगत नाही! पहिल्या महायुद्धातले न फुटलेले गोळे तिथल्या शेतांत अजून निघतात. त्याला 'लोखंडी पीक' म्हणतात. बेल्जियममध्ये ईप्रला २०१४ साली अशाच गोळ्याने दोन कामगारांचा जीव घेतला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रिशबूर गावाजवळ खोदकामात दोन सैनिकांचे अवशेष निघाले. नावं कळली नाहीत, पण खांद्यावरच्या बिल्ल्यांवर '३९' होतं. त्यावरून कळलं, हे आपले ३९ गढवाल रायफल्सचे जवान. नोव्हेंबर २०१७ मध्ये लाव्हांतीच्या लष्करी दफनभूमीत त्यांना मानाने निरोप दिला. त्यांच्या रेजिमेंटची माणसं भारतातून गेली होती. जवळच न्यव्ह शापेलच्या स्मारकावर ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं आहेत.

आता विचार करा. कुणा हौशी माणसाने ते बिल्ले आधीच उचलून शोकेसमध्ये ठेवले असते तर? बिल्ले छान दिसले असते, पण ते दोघं कोण, हे कधीच कळलं नसतं. वस्तू जिथे पडली ती जागाच तिची अर्धी गोष्ट सांगते. फ्रान्समध्ये जुन्या वस्तू शोधायला मशीन फिरवायचं तर सरकारी परवानगी लागते, ती उगीच नाही.

आपली मंडळी दर पावसाळ्यात गडावर जातात. तिथे तोफगोळा किंवा जुनं नाणं दिसलं तर खिशात घालू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं, असा १८७८ पासून कायदाच आहे. आणि गोळा गंजका दिसला तरी हात लावू नका, पोलिसांना बोलवा.

गडावरून आणायचंच असेल तर आपलाच कचरा परत आणा.