पारडे जड कोणाचे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मृगाचा पाऊस पडला की आपण सगळे एक वजन करतो. रोख पैसा हवा तर कापूस लावा, घरात भाकरी आणि गोठ्यात कडबा हवा तर ज्वारी पेरा. बहुतेकांचे पारडे कापसाकडे झुकते. तरी शहाणा शेतकरी दोन-चार तास ज्वारीचे ठेवतोच. जड पारड्याकडे झुकावे, पण हलके पारडे रिकामे करू नये, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

सरकारलाही असेच वजन करावे लागते. गिरणीला कापूस स्वस्त हवा, आपल्याला भाव हवा. दोन्ही म्हणणी खरी. आमचे भांडण निवडीशी नाही, काट्याशी आहे. तिथे आपले हित पासंगालाही धरले जात नाही.

१९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकऱ्याला वाचवायचे, हा हेतू वाईट नव्हता. पण त्यासाठी आपला माल आपल्या मर्जीने विकायचा हक्क काढून घेतला. २००२ साली खाजगी खरेदीला वाट मिळेपर्यंत तीस वर्षे गेली. सुरुवातीलाच मुदत ठरवायला हवी होती.

५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एका फटक्यात बंद झाली. कारण सांगितले, देशातल्या गिरण्यांना कापूस पुरला पाहिजे. केंद्रातल्या कृषिमंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली आणि आठवडाभरात सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले.

१९ ऑगस्ट २०२५ पासून आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क माफ झाले. आधी मुदत ३० सप्टेंबरची, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कापड उद्योग अडचणीत आला, हे खरे. तिथल्या कामगाराची चूल आपल्या चुलीइतकीच मोलाची. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हेच आपल्या वेचणीचे महिने! मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७७१० रुपये जाहीर करायचा आणि त्याच हंगामात बाहेरच्या गाठींना दार उघडायचे. गिरणीला आधार द्या, जरूर द्या. तो सरकारच्या तिजोरीतून द्या, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घामातून नको.

शेतीशास्त्रात आम्ही एक साधा नियम शिकलो. शेतात कीड दिसली म्हणून लगेच फवारायचे नाही. नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल तरच फवारायचे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर औषधाचा विचार. एका अळीसाठी आपण तीन रात्री मोजतो. लाखो घरांच्या भावाचा निर्णय मात्र मोजमापाशिवाय होतो.

म्हणून प्रत्येक निर्णयाला आपण तीन प्रश्न विचारायचे. गरज कशावरून मोजली? मुदत किती? ज्याचे पारडे हलके ठरवले, त्याची भरपाई कोण देणार? तिन्हींची उत्तरे मिळाली तर आपल्या विरुद्ध गेलेला निर्णयही आपण सोसू. उत्तर नसेल तर ते वजन नव्हे, ती काटामारी.

भावांनो, हाच काटा आपल्या बांधावरही लावावा लागेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. पीक हातचे जाईल, ही भीती खरी होती. पण बुडालेले पीक पुढच्या हंगामात भरून काढता येते, गेलेला माणूस परत येत नाही. जे भरून निघत नाही त्याचे पारडे नेहमी जड. तिथे घासाघीस नाही. मजुराला हातमोजे आणि तोंडाला फडके दिल्याशिवाय, वाऱ्याच्या उलट दिशेने, उपाशीपोटी फवारणी करून घेणार नाही, असे आपण इथे ठरवू.

आजचा ठराव त्यामुळे दोन कलमांचा आहे. पहिले कलम सरकारसाठी: मोजमाप, मुदत आणि भरपाई सांगितल्याशिवाय कापसाच्या आयात-निर्यातीत हात घालू नये. दुसरे कलम आपल्यासाठी: मजुराच्या जिवापेक्षा बोंड मोठे नाही. पहिले मागायचे असेल तर दुसरे पाळले पाहिजे. दोन्ही मान्य असतील त्यांनी हात वर करावेत.